ठाण्यातून फोन आला, नोटीस आली, अटक झाली : कोणता कागद मागायचा, कशावर सही करायची (कोल्हापूर)

रंकाळाकाठ · सोमवार, रात्री ९:१०

"उद्या सकाळी ठाण्यात येऊन जावा" असा फोन आला की घरात जी धावपळ उडते, त्यातच निम्मं नुकसान होतं. कुणी ओळखीच्या नगरसेवकाला गाठतं, कुणी मोबाईल बंद करून गावाकडं निघून जातं, कुणी एकटंच जाऊन पुढं येईल त्या कागदावर सही करून येतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पण ग्रुपवर फिरणारे मेसेज अजून जुन्याच कलमांचे आहेत. इथं कोर्टात रोज वावर असणारी मंडळी आहेत. त्यांनी फोन आल्यापासून जामिनाच्या कागदांपर्यंत क्रमानं लिहावं. कुठल्या ठाण्याची निंदा नको, राजकारण नको. नेमकं काय मागायचं एवढंच लिहा.

बावडा_कोर्ट · सोमवार, रात्री ९:४८

फोनवर पहिला प्रश्न एकच विचारायचा: "साहेब, मला कशासाठी बोलावताय, साक्षीदार म्हणून की माझ्यावर तक्रार आहे म्हणून?" पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं. सोबत अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, ठाणं आणि गुन्हा रजिस्टर नंबर किंवा अर्जाचा नंबर लिहून घ्या. राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, जुना राजवाडा, करवीर ही ठाणी एकमेकांना लागून आहेत. हद्द कुठली हे माहीत नसल्यानं लोक भलत्याच ठाण्यात जाऊन बसतात.

साक्षीदार म्हणून बोलावायचं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो (पुढं नुसतं 'कलम' लिहिलंय ते याच संहितेचं), आणि तोही त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीत राहणाऱ्यालाच काढता येतो. बाई, १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरचा माणूस, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना राहत्या घराखेरीज दुसरीकडं हजर राहायला भाग पाडता येत नाही. त्यांचा जबाब पोलिसांनी घरी येऊन घ्यायचा. त्यांची स्वतःची तयारी असेल तर ते ठाण्यात जाऊ शकतात, पण सक्ती नाही.

संशयित म्हणून बोलावत असतील तर कलम ३५(३) ची नोटीस. ही जुन्या संहितेतली ४१अ. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात थेट उचलून आणणं हा अपवाद आणि नोटीस हा नियम, हे सर्वोच्च न्यायालयानं २ जुलै २०१४ च्या अर्णेश कुमार निकालात सांगून ठेवलंय. फसवणूक, चोरी, सासरचा छळ, सरकारी नोकराला धक्काबुक्की हे सगळे गुन्हे या सात वर्षांच्या आत बसतात.

शाहूपुरी_चौथी · सोमवार, रात्री १०:०५

वकीलसाहेब, नोटीस व्हॉट्सॲपवर आली तर चालते का?

बावडा_कोर्ट · सोमवार, रात्री १०:२१

३५(३) ची नोटीस व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर बजावलेली चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये हे स्पष्ट केलं आणि त्याच वर्षी जुलैत पुन्हा उचलून धरलं. पण "चालत नाही" म्हणून गप्प बसू नका. नोटीस पाळली नाही हे अटकेचं कारण होऊ शकतं, आणि बजावणीचा वाद नंतर आत बसून घालावा लागतो. मेसेज आला तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि ठाण्याच्या आवक विभागात अर्ज द्या. मजकूर असा असला तरी पुरतो:

"आपला दि. ___ चा मोबाईल संदेश मिळाला. कलम ३५(३) प्रमाणे लेखी नोटीस प्रत्यक्ष मिळावी. मी तपासात सहकार्य करण्यास तयार आहे. दि. ___ रोजी सकाळी ११ वाजता हजर राहू शकतो. माझा पत्ता व मोबाईल नंबर खाली दिला आहे."

दोन प्रती काढा. एक ठाण्यात, दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती सांभाळा. 'सहकार्य करण्यास तयार' हे शब्द गाळू नका. पुढं अटकपूर्व जामिनाच्या अर्जाला हीच प्रत जोडायची असते.

रीतसर नोटीस आली तर हजर राहायचंच. हजर राहून अटी पाळल्या तर त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. करायचीच झाली तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. प्रत्येक वेळी गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ नोटिशीच्या मागं लिहा आणि तपासी अंमलदाराची सही मागा.

निवृत्त_ठाणेअंमलदार · मंगळवार, सकाळी ७:३०

ठाण्याच्या बाजूनं दोन गोष्टी सांगतो. ठाण्यात काय घडलं हे स्टेशन डायरीतल्या नोंदीवरून ठरतं. कोण कधी आलं, कुणी आणलं, कधी गेलं याची नोंद वेळेसकट व्हायला हवी. "माझी हजेरी डायरीला घ्या" असं शांतपणे म्हटलं तर कुणी रागवत नाही.

दुसरी गोष्ट पोराबाळांना बजावून सांगा. आवाज चढवून कलमं सुनावली, अंमलदाराचा हात झटकला, दारात अडवून मोबाईलवर शूटिंग करता करता धक्का लागला, की भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं. सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी अंगावर जाणं. दोन वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र आणि अजामीनपात्र. मूळ प्रकरण शेजाऱ्याशी झालेल्या शिवीगाळीचं असतं, आणि आत जावं लागतं या १३२ मुळं. हक्क हळू आवाजात आणि लेखी मागा. नाकारले तर तेही लिहून ठेवा, कोर्टात कामाला येतं.

गंगावेस · मंगळवार, सकाळी ९:१५

चौकशीला वकील शेजारी बसवता येतो हे कुणी लिहिलंच नाही. वकिलाशिवाय तोंड उघडायचं नाही, तो कायद्यानं हक्कच आहे.

बावडा_कोर्ट · मंगळवार, सकाळी ९:४०

गंगावेस, असं सरसकट नाही. कलम ३८ अटक झालेल्या माणसाला चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटायचा हक्क देतं, पण पूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसेल असा नाही. हा शब्दप्रयोग कलमातच आहे. व्यवहारात वकील दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर थांबू द्यावा, अशी परवानगी कोर्टाकडून मागता येते.

तोंड उघडण्याबद्दल: नाव, पत्ता, व्यवसाय सांगायचाच. घटनेबद्दलचं उत्तर स्वतःलाच गुन्ह्यात अडकवणारं असेल तर ते द्यायचं बंधन नाही. संविधानाचं कलम २०(३) आहे, आणि कलम १८० मध्येही तेच लिहिलंय. "या प्रश्नाचं उत्तर वकिलाचा सल्ला घेऊन देईन" एवढं वाक्य पुरतं. खोटं मात्र काही सांगू नका. पहिल्या दिवशी "मी तिथं नव्हतोच" म्हटलं आणि टॉवर लोकेशन बिंदू चौकातलं निघालं, की पुढं खरा बचावही कुणी ऐकत नाही. गप्प राहणं हा हक्क आहे, खोटी कहाणी रचणं नाही.

शाहूपुरी_चौथी · मंगळवार, सकाळी १०:०२

आणि सही? जबाब लिहून झाला की "वाचून पाहा, सही करा" म्हणतात.

बावडा_कोर्ट · मंगळवार, सकाळी १०:३०

तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नाही असं कलम १८१ सांगतं. नम्रपणे हेच सांगा. साध्या अर्ज चौकशीतला, म्हणजे गुन्हा नोंदण्याआधीचा जबाब वेगळा, तिथं सही घेतात. ती वाचून करा. मजकूर संपतो त्याच ओळीखाली सही, तारीख आणि वेळ. मध्ये मोकळी जागा दिसली तर आडवी रेघ मारा. कोऱ्या कागदावर कधीही नाही.

फिर्याद तुम्हीच दिली असेल तर सही करायचीच, आणि प्रत तिथल्या तिथं मोफत मिळते, कलम १७३(२).

पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. त्यात एक फट आहे. कबुलीतल्या ज्या भागामुळं एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तेवढा भाग वापरता येतो. कोयता पंचगंगेच्या घाटाजवळ टाकलाय असं सांगितलं आणि तिथूनच तो निघाला, तर जागा दाखवल्याचं पंचांसमोरचं निवेदन खटल्यात येतं. म्हणून निवेदन पंचनाम्याच्या कागदावर सही मागतात तेव्हा विशेष जपून.

विधीसेवा_ताई · मंगळवार, दुपारी १:१५

अटकेबद्दल मी लिहिते, कारण त्या वेळी घरच्या बायकांवरच सगळं येतं.

अटक करणाऱ्याच्या छातीवर वाचता येईल अशी नावाची पट्टी हवी. अटकेचा मेमो जागेवर तयार व्हायला हवा. त्यावर घरच्या माणसाची किंवा गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते आणि अटक झालेल्याचीही, कलम ३६. मेमोवर सर्वात आधी अटकेची वेळ बघा. सकाळी आठला घरातून नेलं आणि मेमोत सायंकाळी सहा लिहिलंय असं दिसलं तर सही नाकारण्यापेक्षा सहीखाली लिहा: "मला सकाळी ८ वाजता घरातून आणले आहे." सही नाकारली की 'आरोपीने सही करण्यास नकार दिला' एवढाच शेरा उरतो. खालचं वाक्य मात्र कायम राहतं.

अटकेची कारणं लेखी, माणसाला कळेल अशा भाषेत द्यावी लागतात. सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच मिहिर शहा प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ ला सांगितलं की हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू आहे. जागच्या जागी लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगावीत, आणि लेखी प्रत रिमांडसाठी (कोठडी मागायला कोर्टापुढं) हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडली पाहिजे. 'कलम अमुक खाली गुन्हा' ही कारणं झाली नाहीत. या माणसानं काय केल्याचा आरोप आहे हे त्यात लागतं.

घरच्यांना किंवा आरोपी सांगेल त्या माणसाला अटकेची आणि कुठं ठेवलंय याची खबर द्यावी लागते, कलम ४८. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी महिला अधिकाऱ्यानं प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते, कलम ४३(५). ६० वर्षांवरील किंवा व्याधीग्रस्त माणूस असेल आणि गुन्ह्याला तीन वर्षांहून कमी शिक्षा असेल तर पोलीस उपअधीक्षकांची आधी परवानगी लागते, कलम ३५(७). घरातल्या आजोबांचं आधार कार्ड आणि औषधांची चिठ्ठी त्या वेळी पुढं करा.

निवृत्त_ठाणेअंमलदार · मंगळवार, दुपारी २:०५

ताईंच्या लिहिण्यात भर. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते, आपल्याकडं शहरात बहुधा सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेतात. डॉक्टरांना अंगावरचा प्रत्येक वळ, सूज, कानातला आवाज, सगळं सांगायचं. त्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा तो सांगेल त्या माणसाला मिळाली पाहिजे, कलम ५३. आधीचे आजार, चालू गोळ्या, इन्सुलिन हेही तिथंच लिहून घ्या म्हणजे कोठडीत औषध पोचतं.

विधीसेवा_ताई · मंगळवार, दुपारी २:४०

आता कोर्टातली ती दोन मिनिटं. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात रिमांडसाठी उभं केलं की न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" बरोबर आणलेले पोलीस मागं उभे असतात, रात्रभर झोप नसते, आणि माणूस खालमानेनं "नाही" म्हणतो. ते "नाही" रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत लिहिलं जातं. तीन आठवड्यांनी मारहाणीचा अर्ज केला की सरकारी वकील तेच पान उघडून दाखवतात. म्हणून घरच्यांनी आदल्या भेटीतच सांगून ठेवावं: मारलं असेल तर तिथंच, त्याच वेळी, कुठं आणि कशानं मारलं ते बोलायचं. अटकेची खरी वेळही तिथंच सांगायची. लेखी कारणं मिळाली नसतील तर तेही.

वकील नसेल तर "मला सरकारी खर्चानं वकील हवा" एवढं म्हणा. कोठडीतल्या माणसाला, बाईला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, अपंगाला उत्पन्नाचा दाखला न दाखवता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायसंकुलातच आहे, राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००.

गंगावेस · मंगळवार, दुपारी ४:१०

२४ तास कधीपासून मोजायचे? शनिवारी रात्री उचललं तर सोमवारी कोर्ट उघडेपर्यंत ठेवतात म्हणे.

बावडा_कोर्ट · मंगळवार, सायंकाळी ५:००

सुट्टीची सबब नाही. रविवारी आणि सणाला पाळीचे न्यायदंडाधिकारी असतात, त्यांच्यापुढं हजर करावंच लागतं. कलम ५८ प्रमाणे प्रवासाचा वेळ वगळून २४ तास. सुरुवात मेमोतल्या वेळेपासून नाही. माणसाची मोकळीक संपली, त्याला उठून जाता येत नव्हतं, तिथून अटक सुरू होते, हे मुंबई उच्च न्यायालयानं १९९० सालीच सांगितलंय. 'चौकशीसाठी बसवून ठेवलंय' असा तिसरा प्रकार कायद्यात नाही. घरच्यांनी त्या दरम्यान ठाण्यात दिलेला अर्ज, ११२ वर केलेला कॉल, पोलीस अधीक्षक कार्यालयाला केलेला ईमेल, यांच्यावरच्या वेळा पुरावा म्हणून चालतात.

रिमांडला दोन शब्द कानावर पडतात. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, कळंबा जेल. नव्या कायद्यात पोलीस कोठडी एकूण १५ दिवसच, पण ती सलग न घेता पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यांनी मागता येते. त्यामुळं 'एमसीआर झाली, सुटलो' असं समजू नका.

दोषारोपपत्राची (चार्जशीटची) मुदत ६० दिवस. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९०. पहिल्या रिमांडचा दिवस धरून मोजा. तोवर चार्जशीट आली नाही तर कोठडीतल्या माणसाला जामिनाचा हक्क मिळतो. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्ट उघडताच जामिनाचा अर्ज हवा, कारण दुपारी चार्जशीट दाखल झाली आणि अर्ज नंतर गेला तर हा हक्क संपतो. यात न्यायाधीशांच्या मर्जीचा प्रश्न येत नाही, पण अर्ज आणि जामीन देण्याची तयारी लागते. आपोआप कुणी सोडत नाही. ज्याच्या घरचे तारीख मोजत नाहीत त्याचा हा जामीन बुडतो, आणि मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं.

शाहूपुरी_चौथी · मंगळवार, सायंकाळी ५:३५

जामिनाच्या कागदांचं एकदा नीट लिहा.

बावडा_कोर्ट · मंगळवार, सायंकाळी ६:२०

जामीनपात्र गुन्हा असेल तर ठाण्यातच जामीन मिळतो, तो हक्क आहे, कलम ४७८. जामीनदार आठवडाभर मिळाला नाही तर गरीब समजून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर सोडावं लागतं.

अजामीनपात्र गुन्ह्यात कोर्टाचा आदेश झाला तरी माणूस त्याच दिवशी बाहेर येईल असं नाही. अडतं ते जामीनदाराच्या कागदांवर. आधार, रेशन कार्ड, दोन फोटो, मालमत्तेचा पुरावा म्हणून चालू सात-बारा किंवा घरफाळा भरल्याची पावती, आणि त्यानं आणखी किती जणांना जामीन दिलाय याचं प्रतिज्ञापत्र. सात-बाऱ्यावर सहा नावं असतील आणि वाटणी झालेली नसेल तर कोर्ट हिस्सा विचारतं. जुना उतारा चालत नाही, ताजा काढा. कागद पुरे व्हायला वेळ लागणार असेल तर त्याच आदेशात ठरावीक मुदतीसाठी रोख जामिनावर सोडण्याची विनंती वकिलाला करायला लावा.

अटकेची भीती खरी असेल तर अटकपूर्व जामीन, कलम ४८२, आधी सत्र न्यायालयात. तिथं फेटाळला तर आता मुंबईला जायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत चालू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडं आहेत. गुन्हा रद्द करण्याचा अर्ज, कलम ५२८, तोही तिथंच. ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या गुन्ह्यात अटकपूर्व जामिनाला कायद्यानंच मनाई आहे. प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तेवढीच वाट उरते.

एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' मध्ये मिळते. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे तिथं टाकत नाहीत, त्यांची प्रत कोर्टातून काढायची.

निवृत्त_ठाणेअंमलदार · मंगळवार, रात्री ८:१५

मंडळाच्या पोरांसाठी 'चॅप्टर केस'चंही लिहायला हवं. गणपतीच्या आणि निवडणुकीच्या आधी कलम १२६, १२९ च्या नोटिसा निघतात. हा गुन्हा नव्हे, शांततेची किंवा चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्याची कारवाई आहे. कोल्हापुरात आयुक्तालय नाही, म्हणून ही कामं तहसीलदार किंवा प्रांतांपुढं चालतात. १२६ चं बंधपत्र जास्तीत जास्त एक वर्षाचं, १२९ चं तीन वर्षांचं. "सही करा आणि जा" म्हणून सगळे सही करतात, पण मुदतीत पुन्हा भांडण झालं तर रक्कम जप्त होते आणि हद्दपारीच्या प्रस्तावात हीच सही मोजली जाते. खुलासा द्यायचा हक्क आहे, तो लेखी द्या.

गंगावेस · मंगळवार, रात्री ८:४०

मोबाईल काढून घेतला तर? आणि व्हिडिओ कॉलवर गणवेशात बसून "तुम्हाला डिजिटल अटक केलीय" म्हणणाऱ्यांचं काय?

बावडा_कोर्ट · मंगळवार, रात्री ९:०५

डिजिटल अटक असा प्रकार कायद्यातच नाही. फोन कट करा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. पैसे गेले असतील तर लगेच, कारण पुढच्या खात्यातून रक्कम निघायच्या आत ती गोठवावी लागते.

मोबाईलसाठी जप्ती पंचनामा मागा. त्यात कंपनी, मॉडेल, दोन्ही आयएमईआय (हँडसेटचा ओळख नंबर), सिम नंबर, फोन चालू की बंद, सील केला का, हे सगळं हवं. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ नं बंधनकारक केलंय, पंच त्याच परिसरातले आणि स्वतंत्र हवेत. पासवर्ड तोंडी सांगून मोकळं होऊ नका. मागणी लेखी घ्या आणि आधी वकिलाला दाखवा. तपास लांबला तर फोन परत मिळण्यासाठी कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. खरेदीचं बिल किंवा आयएमईआय असलेला बॉक्स जोडा.

रंकाळाकाठ · मंगळवार, रात्री ९:३०

शेवटचं एक. ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं फुटेज मिळतं का?

बावडा_कोर्ट · मंगळवार, रात्री ९:५५

परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं दार, लॉकअप, व्हरांडा, निरीक्षकांची खोली अशा सगळीकडं आवाजासह कॅमेरे लावायला सांगितले. रेकॉर्डिंग १८ महिने जपायचं, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष. तरी वाट बघू नका. पहिल्याच आठवड्यात 'दि. ___ रोजी ___ ते ___ या वेळेतील लॉकअप, व्हरांडा व प्रवेशद्वाराचे फुटेज जपून ठेवावे' असा अर्ज ठाणे प्रभारींना आणि पोलीस अधीक्षकांना द्या, आणि तीच मागणी रिमांडच्या कोर्टात लेखी नोंदवा. वेळ नेमकी लिहा. 'त्या दिवसाचं सगळं' असं मागितलं की उत्तर यायला महिने जातात. मारहाणीची तक्रार राज्य मानवी हक्क आयोगाकडं केली असेल तर आयोगही ते फुटेज मागवू शकतो.